डाव्या बाह्या

मास्तरांनी बारा कोटांच्या चोवीस बाह्या कापल्या आणि चोवीसच्या चोवीस डाव्या निघाल्या. कापडाचे थर समोरासमोर लावायचे, म्हणजे एक बाही डावी आणि एक उजवी निघते, हे काल कामाला लागलेल्यालाही कळतं. मास्तर तर चाळीस वर्षं त्या टेबलाशी उभे.

"मास्तर, दोन डावे हात असलेली बारा गिऱ्हाइकं आणलीत कुठून हो?" काज-बटण करणारी बाई म्हणाली. सगळे हसले. मुलगा हसला नाही. दुकान आता तोच बघायचा.

"बाबा, डोळे तपासून घेऊ. तोवर कात्रीला हात लावू नका."

कात्री गेली की घरी बसायचं, एवढं मास्तरांना कळत होतं. आणि घरी बसल्यावर सकाळी उठायचं कशासाठी, हे काही केल्या सुचत नव्हतं.

चष्मेवाल्याने भिंतीवरची सगळ्यात बारीक ओळ वाचायला लावली. मास्तरांनी ती घडाघडा वाचली.

"नजर ठणठणीत आहे यांची."

मुलाचा चेहरा पडला. बाहेर पायरीवर मास्तर थांबले.

"मला दिसत होतं रे. थर चुकीचे लागलेत, ते पहिल्या दोन बाह्या कापतानाच दिसलं. पण उचलून पुन्हा लावावेत, असं वाटलंच नाही. तसाच कापत गेलो. हल्ली जेवतोही तसाच. वर्ष झालं असेल."

"दमलात तुम्ही, बाबा."

"झोपून उठलो तरी दमलेलाच असतो. एखाद्या डॉक्टरला दाखवू या का?"

"असलं काही बोलू नका! मलाही रोज शटर वर करताना नको नको होतं. म्हणून मी सांगत सुटलोय का कुणाला?"

बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मापं घेण्यात जन्म गेला, पण बेचाळिशीच्या या पोराचा शर्ट अंगावर कधीपासून लोंबायला लागला, ते लक्षात आलं नव्हतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, असं मनात आलं. हात काही उचलला नाही.

मुलगा पुन्हा आत गेला. "नंबर नसला तरी चालेल. एक चष्मा करून द्या."

दुकानात त्याने सांगून टाकलं, "बाबांचा नंबर वाढलाय. टेबल आता मी बघतो."

"वयोमानाने व्हायचंच," बाई हळहळली.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी मास्तर अंथरुणातच होते. सून दारात आली.

"बाबा, नव्या चष्म्याने डोकं दुखतंय का?"

"हो," मास्तर म्हणाले आणि भिंतीकडे वळले.