गुडघ्याखालची उशी

काकूच्या गुडघ्याखाली मी उशी सरकवली तशी ती म्हणाली, "देव तुझं भलं करो गं पोरी." मला हसू आवरेना. खोलीबाहेर जाऊन पोटभर हसून घेतलं.

त्या उशीचा गुण मला सकाळीच कळला होता. काकूचा गुडघा बदललाय. आत नवा कोरा सांधा, वरून टाके. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ घरी येते, तोंडाची फटकळ. तिने मला स्वयंपाकघरात गाठून बजावलं, "गुडघ्याखाली उशी अजिबात द्यायची नाही. त्या मागतील, रडतील, शिव्या घालतील. पाय वाकवून ठेवला की बरं वाटतं, आणि मग तो तसाच आखडतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी, आणि मांडीवरून हळूहळू खाली दाबायचं. आत्ता सरळ झाला तर झाला, नाहीतर जन्मभर लंगडणं."

"जन्मभर?"

"जन्मभर."

मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि कपाटातली सगळ्यात गुबगुबीत उशी शोधून काढली.

आता तुम्ही म्हणाल, काय बया आहे ही! मग माझा डावा हात बघा. कोपरात वाकलाय तो वाकलाच आहे. आई गेल्यावर मी काका-काकूंकडे वाढले. घसरगुंडीवरून पडून हात मोडला, प्लास्टर घातलं. ते काढताना डॉक्टरांनी काकूला सांगितलं होतं, पोरगी रडली तरी रोज हात हलवून घ्या. काकूने एकदा-दोनदा घेतला आणि दिला सोडून. तिच्या लेकाची शिकवणी, त्याचा डबा, त्याचे बूट, सगळं वेळच्या वेळी. माझ्या हातासाठी तेवढी बाईसाहेबांना सवड नव्हती. शाळेत मला किटली म्हणायचे. शिवणकाम शिकले, तर कापड ताणून धरायला हात पुरत नाही. बाकीच्या बायका टेबलावर कापड फिरवतात, मी टेबलाभोवती फिरते.

म्हणून चुलतभावाचा फोन आला, "ताई, मला रजा नाही, आईपाशी राहशील का?" तेव्हा मी एका पायावर तयार झाले. शेजारीण म्हणाली, किती माया गं तुझी. माया कसली, डोंबल!

मग काय, काकू कण्हली की उशी. कूस बदलली की उशी. व्यायामाची वेळ झाली की तीच तोंड वाकडं करून म्हणायची, "आज नको ना." मी साखर घोळलेल्या आवाजात म्हणायचे, "बरं, उद्या करू हं." एवढा गोड सूड कुणाला मिळतो? शिवी नाही, चिमटा नाही, आणि वर आशीर्वाद.

पण एक दिवस फिजिओ सांगितल्या वेळेच्या आधीच आली. तिने चादर उचलली, उशी पाहिली, काढली. काकूला पाय सरळ करायला लावून गुडघ्याखाली हात घातला, तर अख्खा पंजा सहज आत गेला.

"ही फट एव्हाना मिटायला हवी होती," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "अशीच राहिली तर पुन्हा भूल देऊन पाय सरळ करायची वेळ येईल. आणि तरी खात्री नाही. उशी कोण देतं?"

मी काहीतरी थाप मारणार होते. पण काकूच मध्ये पडली.

"तिला बोलू नका हो. मीच मागते. मायेची आहे पोर, माझं कण्हणं बघवत नाही तिला. माझंही असंच झालेलं. हिच्या हाताला नुसता हात लावला तरी ही किंचाळायची. गेलेल्या आईला हाका मारायची. मला नाही बघवलं. म्हटलं, उद्या करू. उद्या उद्या करत तो हात तसाच राहिला." तिने चादरीच्या टोकाने डोळे पुसले.

मी भिंतीला टेकले. इतकी वर्षं या बाईला मनातल्या मनात आळशी म्हटलं, आपमतलबी म्हटलं, नाही नाही ते म्हटलं. आणि हिने माझा हात कशापायी घालवला, तर दया आली म्हणून! राग गेला म्हणता? छे! दुप्पट भडकला. आळस मी कधीतरी माफ केला असता. दयेला काय करू? आणि मी इथे मुद्दाम करत होते, तेच हिने जीव लावून केलं होतं.

फिजिओला दारापर्यंत सोडून आले. उशी कपाटावर फेकली, काकूचा हात जन्मात पोचणार नाही अशी. टॉवेलची घट्ट गुंडाळी केली आणि तिच्या टाचेखाली ठेवली.

"आज नको गं," काकू म्हणाली. "आज फार ठणकतंय. उद्या."

"उद्या नाही."

दोन्ही तळवे तिच्या मांडीवर ठेवले. डावा हात सरळ होत नाही, म्हणून मला पुरतं ओणवं व्हावं लागलं, माझं तोंड अगदी तिच्या तोंडाजवळ आलं. फिजिओने दाखवलं होतं तसं हळूहळू दाबलं. थांबले मात्र नाही.

"आई गं! सोड! अगं, मी रडतेय, दिसत नाही का तुला?"

"रड, काकू," मी म्हणाले. "मला बघवतं."