तीन ऑक्टोबरच्या मुली

हे सगळं एकोणीसशे एकोणऐंशीच्या मार्चमध्ये झालं. पण ते नीट सांगायचं तर अकरा वर्षं मागे, भाऊजींच्या साबणाच्या कारखान्यात जावं लागेल.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौथीत शाळा सुटली, मग दुसऱ्याच्या कारखान्यात उकळता साबण ढवळला, आणि पस्तिशीच्या आत स्वतःच्या तीन कढया चढवल्या. कपडे धुण्याची त्यांची पिवळी वडी दुकानादुकानांत दिसायची. माणूस रागीट नव्हता, हट्टी होता. त्यांनी एकदा मनात घेतलं की ताई म्हणायची, आता देव जरी भेटायला आला तरी त्याला बाहेर बाकावर बसावं लागेल.

मी तेविसाव्या वर्षी विधवा होऊन त्यांच्या घरी आले. आयतं खाणं जिवावर येई, म्हणून भाऊजींनी मला कचेरीत कारकून केलं. माझी स्मरणशक्ती तेव्हाही पक्की. कोणती बाई कोणत्या वारी कामाला आली नाही, कुठल्या दुकानातून किती पेट्या परत आल्या, सगळं मी वही न उघडता सांगायची. भाऊजी पाहुण्यांना म्हणायचे, "वही हरवली तरी चालेल, आमची धाकटी हरवता कामा नये."

तो कारखाना मला अजून जसाच्या तसा दिसतो. वेष्टणाची लांबलचक खोली, उंचावर खिडक्या, दोन्ही बाजूंना बाकं. बायका तारेने साबणाचे ठोकळे कापायच्या, छाप मारायच्या, आणि त्यांच्या मुली बाकांखाली फतकल मारून वड्या कागदात गुंडाळायच्या. मुलींना असं कुणी कामावर ठेवलं नव्हतं. घरी एकट्या कशा ठेवायच्या म्हणून आया त्यांना बरोबर आणायच्या, आणि आणलेली मुलगी रिकामी थोडीच बसणार. सगळ्यांच्या बोटांची सालं निघालेली असायची. तरी त्या बाकांखाली दिवसभर खिदळणं चालायचं. त्या आवाजाची मला अजून ओढ वाटते, आणि वाटली की शरमही वाटते.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात एका सहा वर्षांच्या मुलीने कॉस्टिक सोडा लागलेला हात डोळ्याला चोळला. भाऊजींनी स्वतः तिला उचलून दवाखान्यात नेलं. डोळा गेला. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मालाचं एक गोदाम रिकामं करवलं, एका भिंतीला काळा रंग द्यायला लावला आणि मला म्हणाले की आता एकही पोर बाकाखाली दिसता कामा नये, सगळ्या इथे शिकतील.

तीन ऑक्टोबरला शाळा उघडली. आदल्या आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब येऊन गेले होते. पहिलीत सातच्या वरचं एकही मूल असेल तर मान्यता मिळणार नाही, मोठ्या मुलींनी आधी दुसरीकडून परीक्षा देऊन यावं, असं त्यांनी बजावलं होतं. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे काही सांगितलं नाही. भाऊजींनी मला बोलावलं. "सगळ्यांना सात लिही. नऊ लिहून पोरगी परत बाकाखाली धाडायची का?"

मला ते पटलं. आजही पटतं, हेच तर अवघड आहे. जन्मदाखला एकीचाही नव्हता. तारीख विचारली की आया एकमेकींकडे बघून हसायच्या. मग मी एकतीसही मुलींना एकच जन्मतारीख दिली, सात वर्षं मागची तीन ऑक्टोबर, आणि एका बैठकीत, एका शाईने नोंदवही भरून टाकली.

फक्त एक बाई अडली. कापणीच्या बाकावरची. तिची मुलगी हडकुळी, उंच. तिला सगळे लांबडी म्हणत. आईने सांगितलं की हिला नऊ पुरी झालीत, नदीवरचा पूल खुला झाला त्याच दिवशी झाली, आत मला कळा येत होत्या आणि बाहेर बँड वाजत होता. मी म्हटलं, असू दे, कागदावर लहान राहिली तर बिघडतं काय, लग्नाच्या वेळी उपयोगी पडेल. ती खळखळून हसली आणि अंगठा उठवून गेली.

पुढे दर तीन ऑक्टोबरला एकतीस वाढदिवस एकदम व्हायचे. भाऊजी प्रत्येकीला सुवासिक साबणाची एक वडी द्यायचे, खास त्या दिवसासाठी काढलेली. शाळा वाढत गेली. दहा वर्षांत सहाशे मुली झाल्या. भाऊजींचं मन साबणातून उडालं. धंदा पुतण्याच्या हाती देऊन ते सकाळपासून शाळेच्या फाटकात उभे राहू लागले, उशिरा येणाऱ्या मुलींना हातातलं घड्याळ दाखवत.

मधल्या सुट्टीत खेळायला म्हणून त्यांनी आवारात व्हॉलीबॉलची जाळी बांधली. सैन्यातून निवृत्त झालेला एक माणूस शिकवायला ठेवला. गळ्यातली शिट्टी तो जेवतानाही काढत नसे, म्हणून त्याचं नाव शिट्टीसर पडलं. महिनाभराने शिट्टीसर म्हणाले, या पोरी पडायला भीत नाहीत, बाकीचं शिकवता येतं. झालं, भाऊजींनी मनात घेतलं. संघ काढला, लीगमध्ये उतरवला, बस घेतली, पिवळे गणवेश शिवून घेतले. परगावचे प्रेक्षक ओरडायचे, "साबणवाल्या आल्या, जमीन पुसून घ्या." लांबडीच्या पहिल्या फटक्याला ते गप्प व्हायचे. मालकाच्या खुर्चीत भाऊजी कधी बसले नाहीत. मुलींच्या बाकाच्या टोकाला बसायचे, आणि नियम काही त्यांच्या डोक्यात शिरत नसल्यामुळे भलत्याच वेळी टाळ्या वाजवायचे. मुली खेळता खेळता त्यांच्याकडे बघून हसायच्या. तेवढे दिवस फार चांगले गेले.

एकोणऐंशीला अठरा वर्षांखालील मुलींची मोठी स्पर्धा ठरली. जिंकणाऱ्या संघातल्या मुलींना क्रीडा महाविद्यालयात जागा मिळणार होती. राहणं, जेवण, शिक्षण, आणि पुढे शिक्षिकेची नोकरी. अर्ज मीच भरले. भरताना भाऊजींच्या कानावर घातलं की यातल्या तीन-चार जणी चांगल्या एकोणीस-वीसच्या आहेत.

ते हसले. "तूच लिहिलंयस ना? मग खरंच असणार."

मी कागद सरकवला, त्यांनी सही केली.

मुली जिंकल्या. आठवड्याच्या आत महाविद्यालयाची पत्रं आली. लांबडीच्या आईला वाचता येत नव्हतं, पण तिने ते पत्र वेष्टणाच्या खोलीत प्रत्येकीच्या हातात देऊन वाचून घेतलं. ओल्या हातांनी त्याचे कोपरे मऊ पडले होते. आमच्या घराण्यात साबणाच्या बाहेर पडणारी ही पहिली, असं ती ज्याला त्याला सांगत होती.

मग हरलेल्या संघाने तक्रार केली. बारापैकी आठ मुली एकाच दिवशी कशा जन्मल्या, असं त्यांनी विचारलं होतं.

चौकशीला खेळाच्या महासंघाची तीन माणसं शाळेत आली. नोंदवही मागून घेतली. त्यांतल्या थोरल्याने पान उजेडाकडे धरलं, शाई न्याहाळली आणि म्हणाला, "एका दिवसात आठ. सुईणीची फार धावपळ झाली असेल." त्याचे सोबती हसले. भाऊजींच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

त्यांनी आडपडदा ठेवला नाही. शाळेने खोटी नोंद केली असेल तर मुलींवर ठपका येणार नाही, पण प्रकरण शिक्षण खात्याकडे जाईल आणि मान्यता रद्द होईल. पालकांनीच खोटं वय सांगितलं असेल तर शाळेला दोष नाही. मग त्या आठ जणींवर कायमची बंदी आणि महाविद्यालयातल्या जागा रद्द. चार वाजता येतो, तोवर विचार करा, असं सांगून ते जेवायला गेले.

कचेरीत आम्ही तिघं उरलो. शिट्टीसर म्हणाले, खरं सांगून टाका, मी स्वतः खात्याच्या दारात जाऊन बसतो, या पोरींनी काय पाप केलंय? मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही लिहायला सांगितलं, मी लिहिलं, एवढंच आपण दोघांनी सांगू. भाऊजी खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर खालच्या वर्गातल्या मुली पाढे म्हणत होत्या.

"आपण दोघं म्हणजेच शाळा," ते म्हणाले. "धाकटे, इकडे सहाशे आहेत. तिकडे आठ."

"त्या आठ जणींसाठीच शाळा काढली होती तुम्ही."

"म्हणून तर त्या समजून घेतील."

शिट्टीसर उठून बाहेर गेले. दार त्यांनी हळूच लावलं.

चार वाजता ती माणसं परत आली. लांबडीच्या आईला कामावरून बोलावून आणलं होतं. कमरेचं ओलं फडकं तसंच होतं, हात पोटाशी धरलेले. लांबडी दारात उभी राहिली, तिचं डोकं चौकटीला लागत होतं. थोरल्याने विचारलं, मुलीचं वय शाळेत कुणी सांगितलं? आई म्हणाली, मी सांगितलं. किती सांगितलं? नऊ. आणि तिने न अडखळता सगळं सांगितलं, पुलाचं, बँडचं, कळांचं. पूल कधी खुला झाला ते कुठेही बघून घ्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच.

"बाईंना विचारा. त्यांना सगळं आठवतं."

तिघांनीही माझ्याकडे बघितलं. भाऊजी खाली बघत होते.

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

तिला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. म्हणून तिने पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, लहान मुलाला आठवण करून द्यावी तसं. तो पूल, बाई. बँड वाजत होता. तुम्ही म्हणालात, लग्नाच्या वेळी उपयोगी पडेल. मी हसले होते बघा.

मी दुसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

लांबडी आत आली, तिने आईचा कोपर धरला आणि म्हणाली, "चल, आई. कामाची पाळी संपायची आहे अजून." आईने पालकांच्या जबाबावर अंगठा द्यायला नकार दिला. त्याने काही अडलं नाही. पालकांनी सांगितलं तेच लिहिलं, अशा शाळेच्या जबाबावरची माझी सही पुरेशी होती.

निकाल आठ दिवसांत लागला. चषक परत गेला. वर्तमानपत्रात आठ जणींची नावं वयचोर म्हणून छापून आली, आणि त्याच बातमीत शाळेने चौकशीला दिलेल्या सहकार्याबद्दल दोन ओळी होत्या.

शिट्टीसर त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. कुठल्याशा बंदरावर पहारेकरी होते असं ऐकलं. पुन्हा कुणाला शिकवलं नाही. भाऊजींनी जूनमध्ये संघ विकला, बससकट. शाळा मात्र वाढली. आता तिच्या तीन इमारती आहेत आणि दर्शनी भिंतीवर भाऊजींचं नाव आहे. शहाऐंशी साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, वाचा गेली, आणि चार वर्षांनी ते गेले. ताईने त्यांचं सगळं केलं. तिने मला एकदाच सुनावलं, भांडी पुसता पुसता, की तू नाही म्हणाली असतीस तर त्यांनी ऐकलं असतं, ते फक्त तुझंच ऐकायचे. त्यानंतर ती पुतण्याकडे राहायला गेली आणि तिथेच वारली. जिचा डोळा गेला होता ती मुलगी शाळेत शिकली, तिथेच शिकवू लागली आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. ती मला अजून भेटायला येते. आमची शाळा नसती तर, असं ती बोलू लागली की मी विषय बदलते.

आठ जणींपैकी तिघी वेष्टणाच्या खोलीत परतल्या. दुसऱ्या तिघींची लग्नं लांबच्या गावी झाली. एकीने त्याच वर्षी जीव दिला. कारण वेगळंच होतं असं तिच्या घरचे म्हणाले. लांबडी आईशेजारच्या बाकावर उभी राहिली आणि कारखाना बंद होईपर्यंत, सव्वीस वर्षं, तारेने साबण कापत राहिली. लग्न केलं नाही. व्हॉलीबॉलचं नाव तिच्यासमोर कुणी काढत नसे.

तिची आई चौऱ्याण्णव साली गेली. मी त्यांच्या खोलीवर गेले. लांबडीने मला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं आणि शेजारणींना सांगितलं, या आमच्या शाळेतल्या बाई. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा ती म्हणाली, राहू द्या. मी पाणी प्यायले, थोडा वेळ बसले आणि घरी आले. ती दोन वर्षांपूर्वी वारली. मला चार दिवसांनी कळलं.