थोरल्याचं मुंडन

बाळासोंच्या जिभेला कॅन्सर झाला, त्यांचं बोलणं बंद पडलं आणि घरादाराशी बोलायचं काम त्यांच्या बायकोच्या, संयोगिताच्या, अंगावर आलं. तसं तिला बोलायला कुणी लावायची गरज कधी नव्हतीच.

कोल्हापुरातल्या दवाखान्यात त्यांना रोज लाईट द्यायचे. रेडिएशनला तिथं सगळे लाईटच म्हणतात. सुरुवातीलाच गरम, मऊ जाळी तोंडावर दाबून चेहऱ्याचा साचा काढला होता. रोज तोच मास्क चढवून डोकं टेबलाला आवळायचं, म्हणजे किरण नेमके गाठीवर पडतात. मशीनवरच्या भैरवीताईंनी तेव्हाच बजावलं होतं, "वहिनी, केस, मिशी आहे तशी राहू दे. मास्क त्याच मापाचा आहे. माप चुकलं की सगळं परत करावं लागतं, आणि मधे खंड पडला तर दुखणं उचल खातं." बाळासोंचे केस म्हणजे घोंगडंच.

निम्मे लाईट झाले आणि कसबा बावड्यात सासरे वारले. नव्वदी गाठून, झोपेत, कुणाला त्रास न देता. रक्षाविसर्जनाला नदीवर चुलतसासरे केरबाआबांनी न्हाव्याला खूण केली.

"आबा, ह्यांचे केस काढायचे न्हाईत. दवाखान्यात सांगितलंय," संयोगिता आडवी आली.

"थोरला ल्योक हाय त्यो! बापासाठनं केस न्हाय द्यायचं? भावकी तोंडात शेण घालंल."

"मग भावजींचे काढा की. तेबी ल्योकच हायत."

धाकटे अमरसिंह पुण्यात कंपनीत साहेब. त्यांनी भांगावरून हात फिरवला. "वहिनी, सोमवारी माझं प्रेझेंटेशन आहे. आणि मान थोरल्याचाच असतो."

मान! उभ्या जन्मात या माणसानं थोरल्याला काही दिलं नव्हतं, आज मान दिला. संयोगिताच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं नवऱ्यापुढं हात जोडले. बाळासोंनी नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी ती न्हाव्यापुढं वाकवली. डोकं, मिशी, सगळं सफाचट झालं.

दुसऱ्या दिवशी मास्कच्या आत डोकं इकडून तिकडं फिरायला लागलं. भैरवीताईंनी दोनदा चढवून बघितला आणि मशीन सुरूच केलं नाही. आता नवा मास्क, नवा स्कॅन, डॉक्टरांची नवी आखणी. तोवर लाईट बंद.

"तोवर गाठ थांबंल का?" संयोगितानं विचारलं.

"ते कुणाच्या हातात आहे, वहिनी?"

घरी पोचते न पोचते तोच केरबाआबांचा फोन. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "पोरी, ल्योक असावा तर असा, म्हंत्यात सगळी. बरं, उत्तरकार्याला आचारी सांगू न्हवं?"

"सांगू नगासा, आबा," ती म्हणाली. "जरा दम धरा. दोघांचं जेवण एकदमच घालू की."

फोन ठेवून ती वळली, तर बाळासो मागंच उभे. वाचा गेली होती त्यांची, कान शाबूत होते.