चाळिसातली एक

मी एक जुनी लढाऊ नौका आहे, असे माझ्यासमोरच्या पाटीवर लिहिले आहे. मित्रांनो, त्यातले 'जुनी' एवढेच खरे. लढाई मी कधी पाहिली नाही, आणि नौका म्हणावे तर बांधल्या जागेवरून मी कधी हलले नाही. सध्या मी एका मोठ्या दालनात काचेच्या हौदात पडून आहे. मी म्हणजे माझी एक लांब फळी. बाकीची मी केव्हाच चिखलात विरून गेले. मला पाण्यातच ठेवावे लागते, कारण कोरडी पडले तर माझा भुगा होईल म्हणे. हौदाला झाकण आहे आणि झाकणाला कुलूप आहे. एकूण काय, माझी एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत बदली झाली आहे.

शाळांच्या सहली येतात तेव्हा माहिती सांगणाऱ्या बाई मुलांना माझ्याभोवती उभे करतात. या बंदरात चाळीस लढाऊ नौका होत्या, प्रत्येकीवर दीडशे खलाशी होते, तर एकूण किती, असे त्या विचारतात. मुले एका सुरात सांगतात, सहा हजार. गुणाकार अगदी बरोबर असतो आणि मुलांना शाबासकी मिळते. मी मात्र पाण्यात घुसमटते. त्या चाळिसात मलाही धरले आहे, आणि माझ्यावर दीडशे माणसे कधीच नव्हती. माझ्यावर दोघे राहत होते. एक तिसरीही होती, पण ती कुणीच मोजली नाही.

तर ऐका. एका अरुंद खाडीच्या अलीकडे आमचा राजा होता आणि पलीकडे दुसरा. दोघांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य. दोन्ही किनाऱ्यांवरून माणसे दिवसभर डोळ्यांवर हात धरून समोरच्या डोलकाठ्या मोजत बसलेली असत. आमच्या आरमारप्रमुखाने दरबारात छातीठोकपणे सांगून टाकले होते, की आपल्याकडे चाळीस नौका आहेत. प्रत्यक्षात निम्म्याही नव्हत्या. एकदा बोलून बसल्यावर माघार कशी घ्यायची? त्याने बंदरातल्या मिस्त्रीला बोलावले आणि उरलेल्या नौका उभ्या करायला सांगितले. नुसत्या उभ्या. पळाल्या नाहीत तरी हरकत नव्हती.

मिस्त्री कसबी माणूस होता. आयुष्यभर त्याने दणकट नौका बांधल्या होत्या, त्यामुळे मला बांधताना तो सारखा कुरकुरत होता. पाण्यावरच्या फळ्या चांगल्या लाकडाच्या, कारण त्या दिसणार. तळाला मात्र मोडीत निघालेली लाकडे आणि त्यांवर डांबराचे जाड थर. डोलकाठी उंच होती, पण मुळाशी नुसती पाचर मारलेली. वल्ह्यांसाठी भोके पाडायला वेळ नव्हता, म्हणून शत्रूला दिसणाऱ्या बाजूवर त्याने काळ्या रंगाचे गोल रंगवले. आपल्या किनाऱ्याकडच्या बाजूवर तेही नाहीत, उगाच रंग कशाला वाया घालवा? शेवटचा गोल रंगवून झाल्यावर त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले.

"पोरी, रंगरूप दिलं तुला," तो म्हणाला. "हातपाय तेवढे द्यायचे राहिले."

मला पाण्यात ढकलले आणि लगेच दोन साखळ्यांनी बांधले. एक साखळी धक्क्याला, दुसरी खडकाला. इतर नौका भरती-ओहोटीबरोबर तोंड फिरवत. मला तेवढीही मोकळीक नव्हती, कारण मी वळले असते तर माझी कोरी बाजू शत्रूला दिसली असती. शेजारच्या खऱ्या नौका शिडे उभारून बाहेर जात, परत येत, त्यांच्या अंगाला दूरच्या पाण्याचा वास असे. मी साखळी ताणून पाहत असे. ती एक कडीभर सैल होई आणि मला पुन्हा जागेवर ओढून घेई.

माझ्यावर एक राखणदार आणि त्याची बायको राहायला आली. नुकतेच लग्न झालेले जोडपे होते. काम चार-सहा महिन्यांचे आहे असे त्यांना सांगितले होते. अट एकच, हुकूम येईपर्यंत जमिनीवर पाय ठेवायचा नाही. माझे गुपित ज्याला ठाऊक, त्याची जीभ बाजारात घसरली तर सगळेच मुसळ केरात. रोज सकाळी धक्क्यावरचा पहारेकरी माझ्याकडे बघे, कठड्याशी दोन डोकी दिसली की भिंतीवर खडूने दोन रेघा ओढे आणि चहूकडे सगळे ठीक आहे असे समजून बसून राही. चार-सहा महिने संपले. मग वर्ष संपले. हुकूम काही आला नाही.

दोघांचे काम म्हणजे दीडशे माणसे असल्याचे भासवणे. राखणदार दिवसभर टोप्या बदलत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारी. चुलीत ओली लाकडे घालून मोठा धूर काढावा लागे आणि त्या धुरात भाकरी भाजायची दोघांची. बायकोकडे खलाशांच्या कपड्यांचे एक गाठोडे दिले होते. ते स्वच्छ कपडे ती रोज धुई आणि शत्रूकडच्या कठड्यावर ओळीने वाळत घाली. एकदा ती वैतागून नवऱ्याला म्हणाली, की न मळलेले कपडे धुण्यात माझा जन्म चालला आहे. तो टोपी बदलून पुन्हा फेरीला गेला.

मग त्यांना मुलगी झाली. सांगणार कुणाला? दरबारच्या कागदावर माझ्यावर दीडशे खलाशी होते आणि पहारेकऱ्याच्या भिंतीवर दोन रेघा होत्या. बाळ कुठल्याच आकड्यात बसत नव्हते. शिधा आणून देणारा माणूस तिला पाहून डोके खाजवत म्हणाला, की माझ्याकडे दोघांचा शिधा आहे, ही तर जास्ती झाली. तेच नाव पडले. आईबाप तिला लाडाने जास्ती म्हणू लागले आणि आपल्या घासातला घास तिला देऊ लागले. धक्क्यावरून दिसू नये म्हणून ती माझ्या पोटातच वाढली. तिथे अंधार होता, डांबराचा वास होता आणि रांगायला तेवढी ऐसपैस जागा होती.

जरा मोठी झाल्यावर ती बाहेर बघण्यासाठी रडू लागली. तेव्हा बापाने एक काम केले. शत्रूकडच्या बाजूवर मिस्त्रीने रंगवलेल्या काळ्या गोलांपैकी सगळ्यांत खालचा गोल त्याने आतून कोरून काढला. काळ्यातले काळे बाहेरून कुणाला कळणार नव्हते. माझ्या अंगाला पडलेले ते पहिले आणि शेवटचे भोक. जास्ती तिथे डोळा लावून उभी राहिली ती दुपारपर्यंत हलली नाही. मित्रांनो, तिने पाहिलेली पहिली जमीन शत्रूची होती. तिला ती फार आवडली.

ती आईला भंडावून सोडी. झाड चालते का? डोंगराला साखळी कुठे बांधली आहे? आई कपडे पिळता पिळता उत्तरे देई. एके दिवशी मुलीने भोकातून डोळा न काढता सांगितले, की पलीकडच्या एका नौकेवरही एक बाई आहे आणि तीसुद्धा रोज तेच कपडे वाळत घालते, निळ्या ठिगळाचा सदरा नेहमी तिसरा असतो. आईच्या हातातला पिळा तसाच राहिला. तिने स्वतः डोळा लावून पाहिले आणि नवऱ्याला हाक मारली.

तिघांना जे कळले ते दोन्ही राजांना कळले नव्हते. आमच्या चाळीस बघून पलीकडच्यांनी साठ उभ्या केल्या होत्या, आणि त्यांतही माझ्यासारख्या होत्या. राखणदाराला वाटले, आता सुटका झाली. त्याने शिधेवाल्याबरोबर आरमारप्रमुखाला निरोप पाठवला. उलट निरोप आला, की गुमान टोप्या बदला. शत्रूची साठ जहाजे होती म्हणून तर प्रमुखाला दरबारात मान होता. ती कमी झालेली त्याला कशी परवडावी?

इकडे माझा तळ किडीने पोखरला होता. मिस्त्री वर्षातून एकदा भेगा बुजवायला येई. त्या वर्षी त्याने पोटात उतरून तळावर अंगठा दाबला आणि अंगठा लाकडात गेला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या मुलीकडे गेली. दर वर्षी ती त्याला थोडी उंच झालेली दिसे.

"एवढी थंडी निघेल," तो राखणदाराला हळूच म्हणाला. "पुढचं मी सांगत नाही."

राखणदार वाकून तळ चाचपू लागला. बायको मात्र उभीच होती. तिने बहुधा फार आधीपासून ठरवले असावे.

"आम्ही दोघं मोजलेली माणसं आहोत, दादा. आम्हाला निघता येणार नाही. पण हिला कुणी मोजलंच नाहीये. हिला घेऊन जा."

पकडले गेले तर मिस्त्रीचे डोके धडावर राहणार नव्हते. त्याने डांबराचा ब्रश उगाच दोनदा पुसला. घरी माझी थोरली बहीण आहे, ती सांभाळेल, एवढेच तो अखेर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्याची होडी माझ्या कुशीला लागली. जास्ती मला घट्ट धरून बसली होती. तिची बोटे माझ्या फळीत रुतली होती.

"जमीन हलत नाही म्हणता," ती बापाला म्हणाली. "मग तिच्यावर मी उभी कशी राहू?"

"काकांचा हात धर," बाप म्हणाला. "सवय होईल."

होडी निघाली. आईबाप कठड्याशी येऊन उभे राहिले, पहारेकऱ्याला नीट दिसतील असे. पाण्यावरून आवाज लांबवर येतो, त्यामुळे धक्क्यावरचे सगळे मला ऐकू आले. पहारेकऱ्याने विचारले, ही कोण? मिस्त्री म्हणाला, भाची आहे. जाताना तू एकटा होतास, असे पहारेकरी म्हणाला. मुलगी दगडावर पाय ठेवून डुलत होती. जमीन स्थिर होती आणि तिला ते सोसत नव्हते. शेवटी ती खालीच बसली आणि दोन्ही हातांनी तिने दगड धरून ठेवला. पहारेकरी तिच्याकडे बघत राहिला. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याने बोट करून कठड्यावरची डोकी मोजली.

"मला दोन मोजायला सांगितली आहेत," तो म्हणाला. "दोन तिथं उभी आहेत. बाकी मी काही पाहिलं नाही."

त्याने भिंतीवर दोन रेघा ओढल्या. माझ्या कठड्यावरच्या दोघांनी मिस्त्री आणि मुलगी दिसेनाशी होईपर्यंत हातही हलवला नाही.

त्यानंतर माझे पोट फार मोठे वाटू लागले. संध्याकाळी कधीकधी मिस्त्रीची बहीण मुलीला घेऊन धक्क्यापाशी येई. हाक मारायची सोय नव्हती. म्हणून आई मुलीचा एक आखूड झालेला झगा किनाऱ्याकडच्या कठड्यावर वाळत घाली. त्या बाजूला कपडे टांगायची काहीच गरज नव्हती. माझ्यावर वाळत घातलेला तेवढा एकच कपडा खोटा नव्हता.

थंडी निघाली. पुढची थंडी निघाली नाही. एका सकाळी तळाची फळी सुटली आणि पाणी आत आले. मी मुद्दाम बुडाले असे म्हणणार नाही, लाकडाला तेवढी अक्कल नसते. पण तरंगायला मी फारसा जोर लावला नाही, एवढे खरे. राखणदार आणि त्याची बायको साखळी धरून, कडी कडी करत धक्क्यापर्यंत पोहोचली. साखळीने मला जन्मभर जखडले, पण त्या दिवशी तिचे मी मनातून आभार मानले. दोघे ओलेचिंब होऊन पहारेकऱ्यासमोर उभे राहिले. आता आपल्याला पुन्हा कुठल्या नौकेवर धाडतात या विचाराने त्यांची पाचावर धारण बसली होती.

पहारेकऱ्याने ओल्या फडक्याने भिंतीवरच्या रेघा पुसल्या. "तुम्ही तिच्याबरोबर बुडालात," तो म्हणाला. "बुडालेली माणसं इथं उभी राहत नाहीत. निघा."

ती निघाली. कोणत्या रस्त्याने गेली ते मला चिखलातून दिसले नाही. पण मिस्त्रीचे घर धक्क्यापासून लांब नव्हते, आणि तो झगाही त्या दिवशी कठड्यावर राहिला नव्हता.

दरबारात लिहिले गेले, की एक लढाऊ नौका दीडशे शूर खलाशांसह बुडाली. पलीकडच्या राजाने तर आपणच मला बुडवले असे दगडावर कोरून घेतले. पुढे दोन्ही राजे गेले, बंदर गाळाने भरले, त्यावर रस्ते झाले, आणि एका इमारतीचा पाया खोदताना मी सापडले. दोन्ही बाजूंचे आकडे माझ्या आधीच ग्रंथांत जाऊन बसले होते.

मित्रांनो, मोठ्या सैन्याचा किंवा आरमाराचा आकडा वाचाल तेव्हा गुणाकार करण्याआधी थोडे थांबा. तो कुणी मोजला, कुणाला दाखवायला मोजला, आणि मोजताना कोण बाहेर राहिले, एवढे विचारा. तुमच्या वर्गात, तुमच्या घरातही कुणी तरी असेल, जे कुठल्याच मोजणीत धरलेले नाही. त्याला जपा. मला जपायला हौद आहे, कुलूप आहे.

आणि कधी इथे आलात तर माझ्या फळीवरचे ते भोक नीट पाहा. शेजारी बारीक अक्षरांत 'वल्ह्याचे भोक' असे लिहिले आहे. याच भोकावरून पंडितांनी वल्ही मोजली आणि वल्ह्यांवरून दीडशे खलाशी पक्के केले. त्याचा खालचा काठ गुळगुळीत झाला आहे. बाई सांगतात, वल्हे घासून घासून तो तसा झाला. तिथे ती गाल टेकून उभी राहायची.