वामेचा घास

"ओढू नका आई! हात तसाच ठेवा, अजिबात ओढू नका!"

हातातला पाना टाकून जावई धावला. सासूबाईंचा हात मनगटापर्यंत काचेच्या टाकीत होता आणि तर्जनी वामेच्या तोंडात. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली, हातभर लांबीची ती समुद्रातली वाम, सापासारखा मासा, बोट गच्च धरून होती. तिचे दात आत वळलेले. हिसका दिला की मांसच फाटायचं. दोघंही श्वास रोखून उभी राहिली. शेवटी वामेलाच कंटाळा आला असावा. तिने तोंड उघडलं आणि सळसळत टाकीतल्या आपल्या लपायच्या नळीत शिरली.

बोटाला तीन टाके पडले.

वाम घरी आणली होती जावयानेच. तो पंप दुरुस्त करायचा. एका कार्यालयात पंप बघायला गेला, तर तिथली माशांची टाकी मोडीत निघालेली आणि आत ही एकटी. हा टाकीसकट घेऊन आला. बायकोने नाक मुरडलं, पण चालवून घेतलं. मीठ मोजून पाणी बदलायचं, वाम बाहेर निसटू नये म्हणून झाकणावर वजन ठेवायचं, सगळं तोच करी.

सासूबाई आल्या त्यानंतर वर्षभराने. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले होते. तीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलेली बाई, आता ताट पुढ्यात येईपर्यंत जागची हलत नव्हती. "माझं आता काय राहिलंय," हे एकच पालुपद. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "कोपऱ्यात ते काय घुरघुरतं हो?" जावयाने टाकीचा पंप, वाम, सगळं सांगितलं. तिला फारसं दिसत नाही, वासावर खाते, हेही सांगितलं. त्या दिवसापासून त्या वामेची रोज चौकशी करू लागल्या. आणि आज जावई मोरीतला नळ खोलून बसलेला असताना स्वतःच कोळंबी भरवायला गेल्या.

संध्याकाळी लेक कामावरून आली आणि पट्टी बघून भडकलीच. "उद्याच्या उद्या हे जनावर घराबाहेर! बोट तुटलं असतं म्हणजे?"

जावयाने मान खाली घातली. चूक त्याचीच होती, झाकणावरचं वजन त्यानेच काढून ठेवलं होतं. तो मुकाट्याने वाम न्यायला झाकण असलेली बादली शोधू लागला.

"ठेवा ती बादली," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या बोटाला कोळंबीचा वास. तिने काय करायचं? शिकवणीत एकेका मुलीच्या बोटातून सुई आरपार गेलीय. म्हणून मी मशीन फेकून दिलं का कधी?"

"अगं, पण आई..."

"पण नाही नि बिण नाही. जावईबापू, तिला भरवायला मला लांब काठीसारखं काहीतरी करून द्या."

कित्येक महिन्यांत या आवाजात त्या बोलल्या नव्हत्या.

जावयाने झाकणाला भोक पाडून पाइपचा तुकडा बसवला. त्यातून काठी घातली की ती थेट वामेच्या नळीपाशी उतरायची. टोकाला कोळंबी खोचायची. पण वाम बिथरली होती. दोन दिवस झाले, चार झाले, आठ झाले. ती तोंड बाहेर काढीना. सासूबाई रोज दुपारी खुर्ची ओढून बसत, काठी धरत, मग न खाल्लेली कोळंबी वर काढून टाकून देत.

"मरेल का हो?" जावयालाच धीर धरवेना.

"घाबरलीय ती. येईल. नव्या मुलीला मशीनवर बसवलं की असंच व्हायचं."

अकराव्या दिवशी काठीला हिसका बसला.

"ओढलं! ओढलं हो तिने!" काठी धरूनच त्या हसायला लागल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लेक दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वतःच पायात चपला सरकवल्या. "कोळंबी संपलीय. खालच्या दुकानातून आणते."

"मी येतो ना," जावई म्हणाला.

"मी आणते म्हटलं."

त्या कठड्याला हात लावून एकेक पायरी उतरू लागल्या. जावई आवाज होऊ नये म्हणून अनवाणीच, चार पायऱ्या मागे राहून निघाला. पहिल्या वळणावर त्या थांबल्या. मागे वळल्या नाहीत.

"जावईबापू, परत जा आणि चपला घाला. फरशी गार आहे."

तो तिथेच पायरीवर बसला. खाली पावलं वाजत राहिली, मध्ये एकदा थांबली, पुन्हा वाजली. मग रस्त्यावरून दुकानदाराचा आवाज आला, "बोला मावशी, काय देऊ?"