काट मारलेली बासी

रिंकीनं समाजमंदिरातल्या टेबलावर काचेच्या पाच बरण्या मांडल्या. दुधात भिजवलेले ओट्स, वर केळ्याच्या चकत्या. आदल्या संध्याकाळी तिनंच भरल्या होत्या. पाकिटं ती काम करायची त्या संस्थेनं फुकट दिली होती, आणि बायकांना सांगायचं काय, तेही छापून दिलं होतं.

"संध्याकाळी भिजत घालायचं, सकाळी उचलून खायचं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत चूल पेटवायची कटकट नाही. फ्रीजमध्ये तीन दिवसांचं एकदम करून ठेवता येतं."

"फ्रीज हाय वो बाई," अनुसयाबाई म्हणाली, "पन लाईन कोठं राहते? कपडे ठेवतो आम्ही त्याच्यात."

बायका हसल्या. अनुसयाबाईनं एक चमचा तोंडात घातला. "मीठ नाही, कांदा नाही. दुखन्याचं खानं वाटून राहिलं."

मागं भिंतीला टेकून धनवंता बसली होती. रिंकीच्या शेजारची. रिंकी लहानपणापासून तिला मोठीमाय म्हणायची. ती हळूच म्हणाली, "पोरी, रातभर भिजलेलं खाल्लं तं चालते?"

"चालते ना, मोठीमाय. अंगाला चांगलं असते."

"मंग माही बासी काऊन बंद केली?"

 सगळ्यांची नजर भिंतीवर गेली.

तिथं तीन वर्षांपासून एक पोस्टर चिकटलेलं होतं. याच संस्थेचं. जर्मनच्या कटोऱ्यात बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, बाजूला कांदा, भातात बुडलेला बाईचा हात, आणि त्या सगळ्यावर लाल काट. खाली लिहिलेलं : शिळं अन्न टाळा. चेहरा नव्हता. पण मनगटावर शेपूट तुटलेल्या विंचवाचं गोंदण होतं, आणि तो विंचू गावात एकाच हातावर होता.

फोटो रिंकीनं काढला होता. धनवंताच्या ओसरीवर, स्वतःच्या मोबाईलवर. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं. आठवण म्हणून काढते आहे, असं समजून म्हातारीनं हात स्थिर धरला होता.

त्यानंतर धनवंता भाताच्या बांधीत कटोरा नेईनाशी झाली. तिथली पोरं विचारायची, काट मारलेली बासी आणली का? मग ती सकाळी नुसत्या चहावर चिखलात उतरायची. मागच्या रोवणीत ती चक्कर येऊन पडली. रिंकीच तिला गाडीवर बसवून दवाखान्यात घेऊन गेली, आणि वाटेत तिलाच झापत राहिली. सकाळी काही खाऊन निघायला काय होते तुम्हा लोकांना?

ते वाक्य आता रिंकीच्या कानात जसंच्या तसं वाजलं.

छापील कागदावर उत्तर होतं. ओट्समध्ये तंतू असतात, वगैरे. तिनं तो कागद उलटा ठेवला. मग म्हणाली, "तेव्हा मला तेवढं माहीत नव्हतं."

हे खोटं होतं. खोटं बोलायलाही थोडी लाज लागते, आणि ती तिला आता कुठं वाटायला लागली होती. कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

"माहीत होतं," ती म्हणाली. "त्या कटोऱ्यातली अर्धी बासी मीच खाल्ली होती. खाऊन, हात धुऊन मग फोटो काढला."

"मले मालूम हाय," धनवंता म्हणाली. "मीच तं वाढली होती."

"मंग इतके दिवस बोलली काऊन नाही वो?" अनुसयाबाईनं विचारलं.

"पोरीची नवी नोकरी होती."

रिंकी भिंतीजवळ गेली आणि पोस्टरचा कोपरा नखानं उचकटायला लागली. कागद जुना, डिंक पक्का. खालची अक्षरं निघाली, कांदा निघाला, लाल काट निम्मी निघाली. हात निघेना. तिच्या नखांत चुना भरला, एका बोटातून रक्त आलं. एकेक बाई उठून रोवणीला निघाली. बरण्या तशाच राहिल्या.

धनवंता बसून राहिली. रिंकीच्या पाठीला तिची नजर कळत होती. आता ती म्हणेल, राहू दे पोरी. रिंकी वाट पाहत खरवडत राहिली.

धनवंता तसं म्हणाली नाही.