उकिरड्यावरचा भोपळा

"तव्यावर? बियाणं तव्यावर टाकलंस?"

म्हातारीचा आवाज असा चढला, की आम्ही शेजारच्या बाया हातातली कामं टाकून कुंपणाशी आलो. ओसरीवर सून उभी होती. हातात फडक्याची पुरचुंडी, तोंड एवढंसं झालेलं.

"आई, छप्पर गळून पुरचुंडी भिजली होती. बुरशी येईल म्हणून बिया जरा गरम केल्या. वर्षभर चुलीवरच तर टांगलेल्या असतात, मला वाटलं ऊब चालते."

"अगं, तो धूर असतो! किती वेळ ठेवल्यास?"

"तडतडायला लागल्या तशा उतरवल्या."

म्हातारीनं तिच्या हातातली पुरचुंडी ओढून घेतली.

त्या घरात भोपळा चिरला की राहिलेल्या बिया कुणी फेकत नसे. चपट्या मीठ लावून भाजायच्या, पोरांच्या हातावर ठेवायच्या. टपोऱ्या राखेत घोळून चुलीवर आढ्याला टांगायच्या, पेरणीसाठी. हे वाण म्हातारीच्या आईनं लग्नात पुडीत बांधून दिलेलं. साल अशी जाड, की रानात हिरवं पान उरत नाही तेव्हाही घरात भोपळा शाबूत. त्या दिवसांत पोरांच्या ताटात दुसरं काही पडत नसे.

तरी म्हातारीनं त्या बिया पेरल्या. रोज सकाळी आळ्यापाशी वाकून बघायची. माती तशीच. शेवटी एक बी उकरून तिनं नखानं दाबली, तर आतून काळा चिखल निघाला. त्या दिवसापासून ती सुनेशी बोलेना, आणि सूनही धड जेवेना. मला दोघींची कीव येत होती आणि दोघींचा रागही येत होता.

म्हणून मीच तोंड उघडलं. "तुमचा एक भोपळा धाकटीकडे गेला होता ना?"

म्हातारीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी एक पाऊल मागे सरले. धाकटी म्हणजे तिची जाऊ, कुंपणापलीकडची. गेल्या हंगामात वेल कुंपण ओलांडून गेला आणि सगळ्यात मोठा भोपळा तिकडे लोंबला. धाकटीनं तो काढून नेला. तेव्हा म्हातारीनं भर रस्त्यात तिच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. "खा, घशात अडकू दे तुझ्या!" हे सगळ्या आळीनं ऐकलेलं. तेव्हापासून बोलणं बंद.

सून उठली. "मी जाते, आई. चूक माझी आहे."

"तू बस. शिव्या मी दिल्यात." म्हातारी पदर खोचून निघाली. आम्हीही मागोमाग गेलो, भांडण झालंच तर सोडवायला.

धाकटी गोठ्यात शेण भरत होती. म्हातारी दारातच थांबली.

"त्या भोपळ्याच्या बिया ठेवल्या असशील तर चार दे. आमचं बी गेलं."

"कसल्या बिया? मी तो चिरलाच नाही."

"म्हणजे?"

"एवढे तळतळाट घेऊन आलेला भोपळा पोरांना खायला घालू? दिला तसाच उकिरड्यावर फेकून." धाकटीचे डोळे भरून आले. "मागितला असता तर तुम्ही दिलाच असता, हे मला कळत होतं. पण मागायची लाज वाटली."

म्हातारी सरळ उकिरड्याकडे चालू लागली. कुजलेल्या सालीच्या खापऱ्यांतून रोपांचा नुसता गुच्छ उठला होता, जाड दांड्यांचा, हिरवागार. ती तिथंच शेणात बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

"न्या," धाकटी म्हणाली. "पण वेल कुंपणावरच चढवा. इकडे लागेल तो माझा."

"घे. निम्मं बी तुझ्या चुलीवर टांगायचं मात्र. आमच्या घरात तवा आहे."

मग तिनं कुंपणापाशी उभ्या सुनेला पूर्वीसारखी हाक मारली.

"अगं ए, उभी काय राहिलीस? खुरपं आण. आणि मुळाची माती सुटता कामा नये!"

सून धावतच घरात गेली.